सेन्सर म्हणतो ४१, गंजी म्हणते ४८: पीट उचलताना ओलाव्याचं माप का चुकतं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. पीट, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ-गवत, भरणाऱ्या यंत्रावरचा निअर-इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा) सेन्सर दिवसभर ४० ते ४२ टक्के ओलावा दाखवतो आणि संध्याकाळी गंजीतून काढलेला नमुना ओव्हनमधून ४८ निघतो. मग कोणीतरी सेन्सरचा आकडा ७ नी वर ढकलतो. दोन दिवस जुळल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी सेन्सर ४९ आणि ओव्हन ४४. आकडा परत खाली. फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया या भागांत पीटचा हंगाम मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, आणि त्यातही उन्हाचे दिवस मोजके. तेवढ्यात हा आकड्यांचा झोपाळा चालू राहिला तर सेन्सरवर कोणाचाच भरवसा उरत नाही आणि मंडळी पुन्हा मूठ दाबून अंदाज घ्यायला लागतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: अशा तक्रारींत सेन्सर क्वचितच बिघडलेला असतो. त्याला जे दिसतं ते तो बऱ्यापैकी खरं सांगतो. यंत्र उचलतं ते मात्र वेगळंच असतं. म्हणून तपासणी कुठून सुरू करायची याचा क्रम महत्त्वाचा. सेन्सरचं झाकण शेवटी उघडायचं.

ज्यांचा पीटशी संबंध फक्त पॉलिहाउसमधल्या गठ्ठ्यांपुरता, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हा थर. चर खणून पाणी काढल्यावरही पृष्ठभागाशी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. भुग्याच्या पद्धतीत वरचा १० ते २० मिलिमीटर थर खरवडतात, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यावर वाळू देतात, मधे एक ते तीन वेळा वखरासारख्या अवजाराने खालीवर करतात, मग वरंबे ओढून माल भरतात आणि शेताच्या कडेला मोठी गंजी रचतात. जळणासाठी ४० ते ५० टक्क्यांचा माल चालतो. साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) पट्ट्यावर ओलावा मोजणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. तिथेही ५० च्या आसपासच खेळ असतो. फरक इतकाच की बगॅस गिरणीतून एकसारखा पडतो आणि पीट उघड्या आभाळाखाली पसरलेला असतो.

पहिली पायरी: भांडण नेमकं कोणत्या दोन आकड्यांत आहे?

प्रयोगशाळेने टक्केवारी कशावर काढली ते विचारा. ओल्या वजनावर ४५ टक्के म्हणजे कोरड्या वजनावर ८१.८ टक्के. ओल्यावर ५० म्हणजे कोरड्यावर थेट १००. जळणाच्या व्यवहारात ओलं वजन धरतात, मातीचं शास्त्र शिकलेली माणसं सवयीने कोरडं. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो हे खरं, पण सेन्सरमध्ये आधीच कोणीतरी अर्धवट दुरुस्ती घुसवली असेल तर तो झाकला जातो.

त्यानंतर नमुना. ओव्हन १०५ अंश सेल्सिअसला, नमुना निदान ३०० ग्रॅम आणि शक्यतो ५००, ट्रेमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १ ग्रॅमपेक्षा जाड थर नको. वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. घाईने चार तासांत काढलं तर ओलावा कमी दिसतो. मायक्रोवेव्हमध्ये उरकायचा मोह टाळा. पीट कडेने धुमसायला लागतो, जळालेलं वजनही पाण्याच्या खात्यात जातं आणि ओलावा खोटाच वाढतो. शिवाय आग लागायची भीती वेगळी.

नमुना उघड्या बादलीत ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये तासभर राहिला तर काय होतं, याचा हिशेब करून बघा. ५०० ग्रॅम माल, ४५ टक्के, म्हणजे २२५ ग्रॅम पाणी. त्यातलं १० ग्रॅम उडालं: उरलं २१५ भागिले ४९०, म्हणजे ४३.९. दहा ग्रॅमने एक टक्क्याहून जास्त खाल्ला. जाड पिशवी, आतली हवा दाबून काढलेली, त्यावर दुसरी पिशवी, आणि सावली. यात काहीच अवघड नाही, तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दुसरी पायरी: थराची कातडी आणि थराचं पोट

इथे जरा थांबायला हवं, कारण मूळ दुखणं इथेच आहे.

निअर-इन्फ्रारेड सेन्सर पाण्याच्या शोषणपट्ट्यांवर चालतो. १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश खातं. शेजारच्या, पाणी फारसं खात नाही अशा लहरींशी तुलना करून सेन्सर गुणोत्तर काढतो. पण हा प्रकाश ओल्या, काळपट पीटमध्ये फार आत शिरत नाही. मिलिमीटरभर, फार तर थोडं जास्त. म्हणजे सेन्सर मोजतो ती मालाची कातडी. आणि शेतावर पसरलेला पीट वरूनच वाळतो.

दाखल्यासाठी १५ मिलिमीटरचा थर घेऊ. वरचे ३ मिलिमीटर २८ टक्के, मधले ६ मिलिमीटर ४२ टक्के, खालचे ६ मिलिमीटर ५५ टक्के. वरून बघणारा सेन्सर प्रामाणिकपणे २८ म्हणेल. खरा आकडा काढताना टक्क्यांची सरळ सरासरी काढू नका, तीही चुकते. दर किलो कोरड्या मालामागे किती पाणी ते धरायचं. २८ टक्क्यांना ते ०.३८९ किलो, ४२ ला ०.७२४, ५५ ला १.२२२. कोरड्या मालाची घनता सगळीकडे सारखी धरली तर जाडीच्या प्रमाणात सरासरी येते ०.८५६, म्हणजे ओल्या वजनावर ४६.१ टक्के. सेन्सर २८, थर ४६, आणि बिघाड कशातच नाही.

पुढची गंमत याहून महाग पडते. वरंबा ओढणारं पातं वाळलेल्या थराखाली १ मिलिमीटर जास्त उतरलं, आणि तिथला न वाळलेला पीट ८० टक्क्यांचा आहे. ८० टक्के म्हणजे दर किलो कोरड्या मालामागे ४ किलो पाणी. वरच्याच हिशेबात हा १ मिलिमीटर मिळवा: सरासरी १.०५३, म्हणजे ५१.३ टक्के. एका मिलिमीटरने पाच टक्के. सेन्सर पात्याच्या पुढे, वरच्या कातडीवर रोखलेला असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. त्या दिवशी आकडा ढकलून काय मिळणार? दुसऱ्या दिवशी पातं नीट बसलं की फरक उलट्या दिशेला जातो. वर सांगितलेला झोपाळा तो हाच.

म्हणून आधी सेन्सरची जागा. सपाट थरावर, यंत्राच्या पुढे लावलेला सेन्सर फक्त ‘उचलायला सुरुवात करायची का’ एवढंच सांगू शकतो, आणि तेही वखर फिरल्यानंतर लगेच घेतलेल्या मापावर. गंजीत काय पडलं ते सांगायचं असेल तर माल उलटापालटा झाल्यावर मोजायला हवं. वरंब्यातून उचलून ट्रेलरमध्ये टाकणारा पट्टा असेल तर त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी, माल पडायच्या आधी. हवेने ओढणाऱ्या यंत्रात टाकीच्या तोंडाशी जागा मिळते, पण तिथे धूळ बेसुमार. त्यापेक्षा टाकी रिकामी करताना मोजलेलं बरं.

पट्ट्यावर बसवताना सेन्सर मालापासून साधारण २०० ते ३०० मिलिमीटरवर असू द्या. नेमकं अंतर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणे. सरळ खाली न रोखता १० ते १५ अंश कलता ठेवा, नाहीतर ओल्या ढेकळांची चमक थेट भिंगात येते. मालाची उंची खालीवर होत असेल तर सेन्सरच्या आधी पट्ट्यावर एक साधी नांगराच्या फाळासारखी पट्टी टांगा: ती माल सारखा करते आणि वरची कातडी फोडून आतला भाग वर आणते. किरकोळ लोखंड, पण त्याने मापात जेवढा फरक पडतो तेवढा महागडा सेन्सर घेऊनही पडत नाही. पट्टा रिकामा धावत असताना सेन्सर रबर मोजत असतो, तेव्हा मालाची उंची ओळखणारा एखादा स्विच लावून ती मापं सरासरीतून वगळा.

पात्याची तपासणी रोज सकाळी: मोजपट्टी घेऊन ओढून झालेल्या जागेत तीन ठिकाणी बघायचं. खाली गडद, चिकट, हाताला थंड लागणारा पीट उघडा पडला असेल तर पातं खोल जातंय. चरालगतची कडा आणि दोन चरांमधल्या जमिनीचा मधला भाग एकसारखे वाळत नाहीत, त्यामुळे तीनही ठिकाणं मधल्या चाकोरीत घेऊ नका.

फरक कसा आहे ते कागदावर मांडा

जागा आणि पातं ठीक असूनही फरक उरला, तर २५-३० जोड्या गोळा करा. प्रत्येक जोडीत सेन्सरखालून गेलेला तोच माल, त्याच ३० सेकंदांची सेन्सरची सरासरी, आणि ओव्हनचा आकडा. नमुने ३० पासून ६० टक्क्यांपर्यंत पसरलेले हवेत. सगळे ४२ ते ४५ मधले असतील तर त्यांतून उतार, म्हणजे ओलावा वाढेल तसा फरक किती बदलतो ते, कधीच कळणार नाही. मग सेन्सर उणे ओव्हन हा फरक ओव्हनच्या आकड्यासमोर मांडायचा.

फरक सगळीकडे सारखा असेल तर शून्याची दुरुस्ती पुरते. ओल्या बाजूला वाढत जात असेल तर उतार बदलायचा. आणि ठिपके विस्कटलेले असतील, कुठलीच रेषा धरत नसतील, तर कॅलिब्रेशनला (सेन्सरचा आकडा ओव्हनशी जुळवणाऱ्या हिशेबाला) हात लावू नका. ती नमुन्याची, धुळीची नाहीतर मिसळलेल्या मालाची खूण आहे.

ओल्या बाजूला सेन्सर ‘अडकत’ असेल, म्हणजे ओव्हन ५० वरून ६० ला गेला तरी सेन्सर ५२ च्या पुढे हलेना, तर तो १९४० च्या पट्टीवर चालतो का ते बघा. तिथे पाण्याचं शोषण इतकं जबर असतं की ओल्या काळ्या पीटमधून परत येणारा प्रकाशच संपत येतो. १४५० ची पट्टी सौम्य, म्हणून या मालाला ती जास्त सोसते. कोरड्या बाजूला उलट, १९४० जास्त बारकाईने बोलतं. काही सेन्सरांत दोन्ही पट्ट्या असतात आणि निवड करता येते. नसेल तर ५० च्या वरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. हातातला स्वस्त, १७०० नॅनोमीटरला संपणारा सेन्सर असेल तर १९४० चा प्रश्नच येत नाही.

रंग बदलला की कॅलिब्रेशन बदलतं

शेताच्या एका टोकाला फिकट, तंतुमय शेवाळी पीट आणि दुसऱ्या टोकाला काळा, लोण्यासारखा, असं सर्रास असतं. कुजण्याची पायरी फोन पोस्ट (von Post) या शास्त्रज्ञाच्या मापावर सांगतात, एच१ ते एच१०. चाचणी मुठीची आहे, पण ती न वाळलेल्या, पाण्याने भरलेल्या पीटवर करायची, म्हणजे चरातून नाहीतर थराखालून घेतलेल्या. मूठभर पीट जोराने दाबा. बोटांतून स्वच्छ पाणी आलं तर एच१. गढूळ तपकिरी पाणी आलं आणि पीट मुठीतच राहिला तर एच३ च्या आसपास. पाण्याबरोबर थोडा पीटही निसटायला लागला की एच५. मुठीतला निम्मा पीट बोटांच्या फटीतून बाहेर आला तर एच७.

गुणोत्तर काढल्याने रंगाचा बराच परिणाम कटतो असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बराच म्हणजे सगळा नव्हे. गडद मालात प्रकाश कमी खोल जातो आणि सेल्युलोज, लिग्निन, ह्युमिक द्रव्यांचं शोषण वेगळ्या प्रमाणात येतं. म्हणून निदान दोन कॅलिब्रेशन ठेवा, एक एच१ ते एच३ साठी, दुसरं एच५ च्या पुढे, आणि शेताच्या नकाशावर कुठे कोणतं ते चालकाला लिहून द्या. बागायतीचा फिकट माल आणि जळणाचा काळा माल एकाच यंत्राने उचलत असाल तर हा मुद्दा ऐच्छिक उरत नाही. तळेगावच्या पॉलिहाउसांपर्यंत पोचणारा बाल्टिकचा फिकट पीट आणि तिथलाच बॉयलरमध्ये जाणारा काळा पीट, या दोघांना एकच उतार लावला तर एकाचा आकडा कायम चुकणार.

काच, धूळ, ऊन

सेन्सर हळूहळू ‘कोरडा’ होत चालला, म्हणजे सकाळी बरोबर, दुपारी तीन टक्क्यांनी कमी, तर आधी काच पुसा. काचेवर बसलेली धूळ म्हणजे वाळलेला पीटच. सेन्सर प्रत्येक मापात तो कोरडा पीट मिसळून वाचतो. नुसता प्रकाश कमी झाला असता तर गुणोत्तराने सांभाळून घेतलं असतं. इथे मात्र खोटा माल समोर बसलेला आहे.

काचेसमोर हवेचा झोत असतोच, पण ती हवा गाळलेली आणि तेलविरहित हवी. कॉम्प्रेसरचं तेल धुक्यासारखं काचेवर बसलं की वेगळीच भानगड होते: तेलातले कार्बन-हायड्रोजन बंध १७३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश खातात, आणि बऱ्याच सेन्सरांची तुलनेची लहर तिथेच जवळपास असते. तुलनेची लहर दबली की पाणी कमी असल्याचा भास होतो. काच डोळ्याला स्वच्छ दिसते, आकडा मात्र हटतो. पांढऱ्या टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच माप घ्या, कारण तेही याच भागात शोषतं.

पहाटे उलटं. थंड काचेवर दव धरतं आणि सेन्सर ओला वाचतो. यंत्र सुरू केल्यावर अर्धा तास सेन्सरला गरम होऊ द्या; लेड सल्फाइडचा डिटेक्टर (प्रकाश टिपणारा भाग) असेल तर त्याला ठरलेल्या तापमानाला यायला वेळ लागतोच. सेन्सरबरोबर आलेली तपासणीची फरशी ठरलेल्या अंतरावर धरून रोज आकडा वहीत लिहा. कालच्यापेक्षा ०.३ हून जास्त हलला तर आधी काच, मग दिवा. फरशी स्थिर आणि माल चुकतोय, असं असेल तर सेन्सरला बोल लावणं थांबवून पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

उन्हाचा त्रास सांगतात तेवढा नसतो. सेन्सरचा प्रकाश तुकड्यातुकड्याने सोडलेला असतो आणि स्थिर ऊन त्यातून वजा होतं. पण पट्ट्यावरच्या आडव्या पट्ट्यांच्या फटींतून ऊन चमकत, थरथरत भिंगात गेलं तर ते वजा होत नाही. पत्र्याची एक टोपी, आतून मॅट काळी, एवढा उपाय पुरतो.

झाकण उघडायची वेळ आलीच तर यंत्र बंद, हवेतली धूळ खाली बसू दिलेली, आणि वारा नसलेली जागा. हॅलोजन दिव्याची गरम काच आणि वाळलेल्या पीटची धूळ यांची गाठ पडू देऊ नये. ती धूळ पेटते, आणि बंद जागेत स्फोटही होतो.

पाऊस, दव आणि गरम गंजी

पाऊस पडून गेल्यावर लगेच घेतलेल्या मापाला अर्थ नाही. जास्त वाळलेला पीट पाणी झिडकारतो; थेंब वर मण्यांसारखे बसतात, सेन्सर ६५ दाखवतो आणि बोटभर खाली माल तसाच असतो. तरी पावसाला कमी लेखू नका. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. चौरस मीटरवर ४२ टक्क्यांचा २ किलो माल धरला तर त्यात ०.८४ किलो पाणी. पावसाचं ते सगळं १ लिटर पाणी मुरलं तर १.८४ भागिले ३, म्हणजे ६१ टक्के. अशा वेळी आधी वखर, मग दोन तास वारा, मग माप.

दुसऱ्या बाजूला जुनी गंजी. आत सूक्ष्मजीवांमुळे आणि ऑक्सिडेशनमुळे माल तापतो, ५०-६० अंशांपर्यंत सहज. पाणी तापलं की १४५० ची शोषणपट्टी किंचित आखूड लहरींकडे सरकते, आणि २० अंशांवर केलेलं कॅलिब्रेशन तिथे लागू पडत नाही. वर वाफ असेल तर सेन्सर तीच वाचतो. गंजी फोडून भरताना घेतलेले आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा, शेतावरच्या आकड्यांत मिसळू नका.

वरून, म्हणजे उपग्रहातून किंवा ड्रोनमधून मोजायचा विचार असेल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. सूर्यप्रकाशातल्या १४०० आणि १९०० च्या पट्ट्या हवेतली वाफच खाऊन टाकते, त्यामुळे १६०० आणि २२०० च्या आसपासच्या लहरींवर भागवावं लागतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या ११ आणि १२ क्रमांकाच्या पट्ट्या तिथल्याच आहेत. पण त्यांच्या चित्रातला एक ठिपका २० मीटरचा, आणि फिनलंडमध्ये दोन चरांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे प्रत्येक ठिपक्यात चराचं पाणी मिसळलेलं. कोणतं शेत आधी वाळतंय एवढं त्यावरून कळेल. भरायला ट्रॅक्टर पाठवायचा का, हे कळणार नाही.

आणि आकडा ढकलायचाच असेल, तर ढकलण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, जुना आकडा, पात्याची खोली, त्या दिवशीचा एच. पुढच्या पाळीचा माणूस तो आकडा उलटा ढकलायला निघेल तेव्हा त्याच्यासमोर निदान हे पान असेल.